जावयाचा मान आणि रिकामी टाकी

गॅसची भरलेली टाकी घरात आली की आमच्याकडचा माणूस तिच्यापासून चार हात लांब बसतो. तीच टाकी रिकामी झाली की तिच्यावर बसून बिडी पेटवतो. कोहमाऱ्याच्या नाक्यावर वेल्डिंगचं दुकान चालवताना मी माणसांबद्दल जे शिकलो ते एवढंच, आणि त्यात भर घालावी असं पुढे कुणी काही केलं नाही.

दुकान म्हणजे हायवेला लागून, आमच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, टाकलेली टिनाची शेड. गिऱ्हाईक दोन तऱ्हेचं, ट्रकवाले आणि ढाबेवाले. ट्रकवाल्याला सगळं आत्ताच्या आत्ता हवं असतं आणि ढाबेवाल्याला सगळं फुकट हवं असतं. दोन हजार सालाच्या आगेमागे या ढाबेवाल्यांना जुन्या टाक्यांचं वेड लागलं. त्याच्या थोडं आधी काही खासगी कंपन्यांनी गावोगाव गॅस वाटायचं दुकान मांडलं होतं आणि जसं मांडलं तसं गुंडाळलंही होतं. माणसं पळाली, टाक्या मागे राहिल्या. कबाडी त्यांच्या मानेतला पितळी व्हॉल्व्ह तेवढा काढून घ्यायचा आणि लोखंड आमच्या दारात आणून टाकायचा. जाड पत्र्याचा, गोल, आयता डबा. डोकं कापा, आतून माती आणि धानाचा कोंडा कालवून लिंपा, की ढाब्याची भट्टी तयार. बूड कापून टांगा, की शाळेची घंटा. उभी चिरून आडवी मांडा, की फाळ तापवायला लोहाराची शेगडी.

हे सगळं करता येतं, पण आधी टाकी मारावी लागते. मारणं हा माझ्या उस्तादाचा शब्द. तो गोंदियात एका राइस मिलच्या मागे दुकान चालवायचा. तोंडाने इतका घाण की त्याच्या दारावरून बायका पदर कानावर घेऊन जायच्या. त्याच्या स्वतःच्या डाव्या कानाच्या जागी नुसतं भोक होतं. कान कसा गेला हे त्याने कधी सांगितलं नाही. कुणी विचारलं की तो दुकानाच्या छपराकडे बोट करायचा. छपरालाही एक गोल भोक होतं.

"भरी टंकी से तो सब डरते हैं रे," तो म्हणायचा, "ये खाली वाली ज्यादा हरामी है."

त्याची रीत मी जशीच्या तशी उचलली. व्हॉल्व्ह काढलेली टाकी उघड्यावर नेऊन उलटी टेकवून ठेवायची. मग कपडे धुवायची पावडर टाकून खळखळून धुवायची, कारण आतल्या भिंतीला तेलकट मळ धरलेला असतो आणि तो तापला की पुन्हा गॅस सोडतो. मग तोंडापर्यंत पाणी भरायचं. अर्धी नाही, पाऊण नाही, पाणी तोंडातून बाहेर सांडलं पाहिजे. पहिला काप भरल्या पाण्यात, हाताच्या करवतीने. डोकं निघून आतलं बूड डोळ्यांना दिसायला लागलं की मगच गॅस कटरला हात लावायचा. यात कुठे विद्या नाही की कला नाही. जिला धीर म्हणतात ती गोष्ट लागते, आणि ती आमच्या नाक्यावर मिळत नाही.

माझी थोरली बहीण दवनीवाड्याला दिलेली. तिचे यजमान, ज्यांना मी तोंडावर भाऊजी म्हणतो आणि मनात जे म्हणतो ते इथे लिहिता येणार नाही, ते धानाच्या मोठ्या शेतीचे धनी. धान कापून, मळून झालं की भाऊजींना काही काम उरत नसे. जगात कामाशिवाय बसून राहणारी पुष्कळ माणसं आहेत, पण ती निदान गप्प बसतात. भाऊजी ताईला घेऊन आमच्याकडे मुक्कामाला यायचे आणि माझ्या दुकानात माझ्या खुर्चीवर बसून मला माझा धंदा शिकवायचे.

त्यांना उठवायची सोय नव्हती. आमच्या घरी जावई म्हणजे देवाच्या खालोखाल. तो दारात आला की साळ्याने पाण्याचा गडवा घेऊन समोर जायचं, त्याच्या हातात द्यायचा, त्याने पाय धुवायचे, मगच तो उंबरा ओलांडणार. जेवताना त्याचं ताट आधी. त्याच्यापुढे आवाज चढवायचा नाही, तो चुकला तरी तो चुकला असं म्हणायचं नाही. बाबांचा यावर एवढा कटाक्ष की भाऊजींनी दिवसाला रात्र म्हटलं असतं तर त्यांनी कंदील लावला असता.

पाण्याने भरून उभ्या केलेल्या टाक्या पाहून भाऊजी पहिल्याच दिवशी हसले.

"टाकीले आंघोळ घालून राहिला काय, सालेबाबू?"

"आतमंधी गॅस राहते, भाऊजी."

त्यांनी एका न धुतलेल्या टाकीच्या तोंडाला नाक लावलं आणि मोठा श्वास घेतला. "काही वास नाही ना बास नाही. भेकड आहेस तू."

गॅस हवेहून जड असतो, तळाशी बसून राहतो, तोंडाशी नाक लावून तो कळत नाही, हे मी सांगितलं. पण भाऊजींचा स्वतःच्या नाकावर फार विश्वास. पुढे त्यांनी आणखी एक शोध लावला. पाणी भरलेल्या टाकीवर कटर धरला तर लोखंड लवकर तापत नाही, पाणी सगळा ताव पिऊन टाकतं. हे खरंच आहे. म्हणूनच पहिला काप करवतीने करायचा असतो. भाऊजींनी त्यातून काढलेला अर्थ निराळा होता.

एका दुपारी मी सडक अर्जुनीहून वेल्डिंगच्या काड्या घेऊन परत आलो तर शेडसमोर चिखल झालेला. भाऊजींनी एक टाकी आडवी पाडून निम्मं पाणी सोडून दिलं होतं आणि पेटलेला कटर हातात धरून, एक डोळा मिटून, कुठे लावावा याचा अंदाज घेत होते. वर चष्माही घातला नव्हता. मी मागून गेलो आणि सिलिंडरची चावी फिरवली. ज्योत फट् करून विझली.

"काऊन बंद केला?"

"भाऊजी, ते अर्धी रिकामी टाकी भरल्या टाकीहून वाईट आहे. वरच्या रिकाम्या जागेत गॅस बसून राहते. मरून जासान."

मरून जाल, एवढंच म्हणालो मी. भाऊजी तसेच उठले, घरात गेले आणि जेवायला बसेनात. बाबांनी मला आत बोलावलं. "जवाई हायेत ते. असं अभद्र बोलते काय कोनी? दोन शब्द गोड बोलाव लागते." एक माणूस स्वतःला उडवून घ्यायला निघाला होता आणि घरात चर्चा कशाची, तर माझ्या बोलण्यात गोडवा किती होता याची. मला त्या दोघांची सारखीच चीड आली.

ताई चुलीपाशी होती. मी गोंदियात काम शिकत असताना ती एकदा माझा डबा घेऊन उस्तादाच्या दुकानात आली होती. त्याच्या कानाच्या जागचं भोक तिने पाहिलं होतं, छपराचंही पाहिलं होतं. बाबा बाहेर गेल्यावर ती हळूच म्हणाली, "माह्यानं सांगनं होत नाही त्याहिले. तूच काही कर, भाऊ." तिचा चेहरा पाहून माझी चीड गेली आणि भीती तेवढी राहिली. भाऊजींसाठी मला फारसं काही वाटत नव्हतं, पण ताईचं कपाळ त्या माणसाच्या अकलेवर अवलंबून होतं.

रात्री न झोपता मी काही थोर विचार केला नाही. सकाळी चहा पिताना सुचलं. ज्या माणसाला गॅस कळत नाही, पाणी कळत नाही, त्याला एक गोष्ट मात्र नक्की कळते, ती म्हणजे मान. मी बाबांसमोरच भाऊजींना हात जोडले आणि थाप मारली. म्हटलं, काल चुकलं माझं. आमच्या धंद्यात एक रिवाज आहे, तो मी पाळला नाही म्हणून हे वाकडं झालं. टाकीला पाणी घालायचा पहिला मान घरच्या जावयाचा असतो. त्याच्या हाताने तोंडापर्यंत पाणी भरलं गेलं, बाहेर सांडलं, की टाकी लाभते. तोवर तिला आग दाखवायची नाही.

बाबांनी असला रिवाज जन्मात ऐकला नव्हता. पण त्यात जावयाचा मान होता, म्हणून त्यांना तो लगेच आठवलाही. "हो हो, असते असा," ते म्हणाले. भाऊजींनी मिशीवरून हात फिरवला. "मंग आधी काऊन नाही सांगितला?"

त्यानंतरचे दिवस मी आयुष्यात विसरणार नाही. भाऊजी आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून दुकानात यायचे. टाकीला हळदकुंकू, वर एक झेंडूचं फूल. मग ते गडव्यामागून गडवा ओतायचे आणि पाणी बाहेर सांडलं की कपाळावर मुंडावळ्या असल्याच्या थाटात सगळीकडे पाहायचे. ढाबेवाले हात जोडून उभे. ट्रकवाले चहा टाकून बघायला यायचे. माझं काम मात्र कधी नव्हे ते नीट चाललं होतं. पाणी काठोकाठ भरलेलं, करवत माझ्या हातात, भाऊजी खुर्चीवर आणि ताईच्या तोंडावर हसू. मूर्खाला मूर्ख म्हणण्यापेक्षा महाराज म्हटलेलं जास्त उपयोगी पडतं, असं मला तेव्हा वाटलं. फार हुशार समजत होतो मी त्या थापेला आणि स्वतःला त्याहून.

पुढच्या वर्षी भाऊजींनी दवनीवाड्यात स्वतःची शेड टाकली. शेती होती, हात मोकळे होते, आणि आता धंद्यातला मानही होता. मला वाटलं, रीत तर पक्की डोक्यात बसली आहे, करू दे.

मोबाइल नवे होते तेव्हा. ताई मिस कॉल द्यायची आणि मी उलटा फोन लावायचो. एका सकाळी तिचे मिस कॉल थांबेनात. मी लावला तर ती तोंडावर पदर धरून बोलत असावी, आवाज तसा येत होता.

"भाऊ, येऊन जाय. त्याहिनं पूजा ठेवली आन् पानी सोडून देल्लं."

"मंजे?"

"एकच गडवा टाकते. मान झाला म्हनते. आज मोठी टाकी कापून राहिले, गाव जमा केलं. तुले घरचे म्हनतीन बोलू नोको. तू बोलजो."

मी गाडीला किक मारली. गोंदिया ओलांडून दवनीवाड्याला पोचेपर्यंत मला एकच गोष्ट दिसत होती, उस्तादाचं छप्पर.

भाऊजींच्या शेडसमोर खरंच गाव जमा होतं. मधे टाकी, तिच्या पोटावर कुंकवाचं स्वस्तिक, मानेत झेंडूचा हार. नारळ फुटलेला. टाकीच्या पुढ्यात तांब्याचा गडवा रिकामा पडलेला, म्हणजे मान उरकलेला होता. आणि टाकीच्या तोंडापासून वीतभर अंतरावर, केळ्यात खोचलेल्या, पाच-सहा उदबत्त्या धूर सोडत होत्या. बघे बिड्या ओढत होते. भाऊजी नव्या सदऱ्यात कटर हातात घेऊन काडीपेटी मागत होते.

माझी थाप मीच पाहत होतो. त्यात पाण्याचा भाग तेवढा गळून पडला होता आणि हळदकुंकू वाढलं होतं. आमच्या लोकांच्या हातात काहीही द्या, ते त्यातलं कामाचं नेमकं फेकून देतील आणि उरलेल्याला हार घालतील.

मी आधी उदबत्त्या पायाने चिरडल्या. गर्दीतून "अरे अरे" असा आवाज आला. मग मी भाऊजींच्या हातातून कटर ओढून घेतला.

"काय करून राहिला बे? पूजा झाली आहे!"

तेव्हा माझ्या तोंडाचं दार उघडलं आणि इतक्या वर्षांचं सगळं बाहेर आलं. "पूजा? तुमच्याएवढा गाढव मी या जिल्ह्यात पाहिला नाही. कोणता मान आन् कोणता रिवाज? तो मी बनवला होता, चहा पेता पेता. तुमाले पानी भरायले लावाचं होतं म्हून. सरळ सांगून तुमाले समजत नव्हतं, म्हून हळदकुंकू लावून सांगितलं!"

भाऊजींचं तोंड पांढरं पडलं होतं. एवढ्या लोकांत, साळ्याने, आणि तेही हे की आपला मान खोटा होता. मी शेडमागच्या हौदातून बादली आणली आणि टाकीत ओतायला लागलो. दुसरी बादली, तिसरी. पाणी वर चढत गेलं तसं खालचं वर ढकललं गेलं आणि टाकीच्या तोंडातून कुजक्या कांद्यासारखा वास भसाभसा बाहेर आला. तळाशी एवढी वर्षं दबा धरून बसलेला गॅस. पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्याने बिडी तोंडातून काढून जमिनीवर घासली. मग एकेकाने तेच केलं आणि गर्दी मागे सरकत गेली.

मला वाटलं, आता तरी हा माणूस काही बोलेल. आणि तो बोलला.

"निघ माह्या दारातून."

शेडच्या कोपऱ्यात ताई उभी होती. तिने मला बोलावलं होतं हे ती तिथे सांगू शकत नव्हती आणि मीही सांगितलं नाही. तिने फक्त पदराखालून हात जोडले. मी निघालो.

घरी माझ्या आधी बातमी पोचली होती. बाबांनी माझ्याशी बोलणं सोडलं. नातेवाइकांची रांग लागली आणि प्रत्येकाकडे एकच औषध, माफी माग. गाढवाला गाढव म्हटल्याची माफी कशी मागतात हे कुणी शिकवेना. त्या टाकीतून काय बाहेर आलं हे एकाने विचारलं नाही. मी काय बोललो तेवढं मात्र सगळ्यांना पाठ. भाऊजींनी ताईला माहेरी धाडणं बंद केलं. भाऊबीज यायची आणि जायची. मी ओवाळून घ्यायला जाऊ शकत नव्हतो आणि ती येऊ शकत नव्हती. दुकानात काम करता करता मला तिची इतकी आठवण यायची की मी उगाच कुणावर तरी ओरडायचो. ती मधूनमधून एक मिस कॉल द्यायची. मी उलटा लावला तर उचलायची नाही. एक मिस कॉल म्हणजे तो माणूस जिवंत आहे, असं मी समजून घेतलं होतं. तो टाक्या कशा कापतो हे मी कुणाला विचारलं नाही. एखाद्याने काही सांगायला सुरुवात केली तर मी ग्राइंडर चालू करायचो.

अशी कितीतरी वर्षं गेली. माझ्या दुकानासमोरचा हायवे रुंद झाला, ढाबेवाल्यांनी तयार भट्ट्या विकत आणायला सुरुवात केली. बाबा थकले. शेवटी ते कुणाला न सांगता बसने दवनीवाड्याला गेले आणि जावयाच्या दारात बसून राहिले. म्हातारा माणूस दारात बसला की काय करणार? भाऊजी निघाले.

एका दुपारी दोघं आमच्या अंगणात येऊन उभी राहिली, मागे बाबा. ताई वाळली होती. भाऊजींच्या मिशा पिकल्या होत्या, पण मान तशीच ताठ. दोन्ही हात, दोन्ही डोळे, दोन्ही कान जागच्या जागी. ते मी आधी पाहिलं.

उंबऱ्याशी येऊन ते थांबले, कारण पाय धुतल्याशिवाय आत यायचं नाही. बाबांनी माझ्याकडे पाहून डोळ्यांनी खूण केली. मी आत गेलो. इतकी वर्षं माझ्या बहिणीला अडकवून ठेवणाऱ्या माणसाच्या पायांवर ओतायला मी पाणी घेणार होतो. रागारागाने गडवा ड्रममध्ये बुडवला, जेवढं आलं तेवढं घेतलं आणि बाहेर जाऊन त्यांच्यासमोर धरला.

भाऊजींनी तो हातात घेतला नाही. वाकून आत पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, जसं ते माझ्या खुर्चीवर बसून पाहायचे तसंच.

"अर्धा भरून आनला? वरच्या रिकाम्या जागेत काय बसून राहते, तुले ठाऊक नाही काय बे? एवढे वर्षं धंदा करून राहिला. काठोकाठ भरून आन. बाहेर सांडलं पाहिजे."

मला शिकवत होता. माझंच मला. ताईने तोंडाला पदर लावला, तिचे खांदे हलत होते आणि ती हसत होती की रडत होती हे मला कळलं नाही.

मी आत गेलो, गडवा तोंडापर्यंत भरला आणि दोन्ही हातांनी धरून हळूहळू बाहेर आणला.